टोरंटोने भाव दिला, ओटावाने वर्षं घेतली: दोन हॉकी संघांच्या करारांचा प्रकरण अभ्यास

12 ऑक्टोबर 2016 रोजी टोरंटो मेपल लीफ्सने आपल्या हंगामाचा पहिला सामना ओटावात खेळला. 19 वर्षांचा ऑस्टन मॅथ्यूज त्या दिवशी एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीच्या लीगमध्ये पहिल्यांदा उतरला आणि त्याने एकट्याने चार गोल ठोकले. टोरंटोचे तेवढेच गोल झाले. ओटावा सेनेटर्सने सामना जादा वेळेत 5-4 असा खेचून नेला.

कॅनडाच्या ओंटारियो या एकाच प्रांतातले, साडेचारशे किलोमीटरवरचे हे दोन संघ. पुढच्या काही वर्षांत दोघांकडेही ड्राफ्टमधून, म्हणजे तरुण खेळाडूंच्या पाळीने होणाऱ्या निवडीतून आलेली अव्वल दर्जाची तरुण फळी उभी राहिली आणि ती टिकवण्याचे दोघांचे मार्ग पार वेगळे निघाले. टोरंटोने मोठा भाव मोजून कमी वर्षांचे करार केले. ओटावाने जरा कमी भावात, पण सात-आठ वर्षांचे करार केले, काही तर खेळाडू पुरता सिद्ध होण्याआधीच. कुणाची पोरं जास्त गुणी यावर चाहते तासन्‌तास वाद घालतात. आमच्या मते खरा प्रश्न दुसराच आहे: प्रत्येक संघाने नेमकी कुठली वर्षं विकत घेतली आणि त्यासाठी पगारमर्यादेचा किती हिस्सा दिला?

आधी नियम

2004-05चा अख्खा हंगाम संघमालकांनी खेळाडूंविरुद्ध केलेल्या टाळेबंदीत वाया गेल्यानंतर एनएचएलमध्ये कडक पगारमर्यादा आली. तिला सगळे कॅप म्हणतात. कराराची एकूण रक्कम भागिले वर्षं जो आकडा येईल तो दरवर्षी कॅपमध्ये धरला जातो. पहिल्या वर्षी प्रत्यक्षात जास्त पैसे दिले आणि शेवटच्या वर्षी कमी, तरी कॅपला फरक पडत नाही. आयपीएलमध्ये दर तीन-चार वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि पाटी बरीचशी कोरी होते. इथे तशी सोय नाही. चुकलेला करार आठ वर्षं मानगुटीवर बसतो.

18 ते 21 वयात सही करणाऱ्या खेळाडूचा पहिला करार तीन वर्षांचा असतो. मॅथ्यूजच्या पिढीसाठी त्याचा मूळ पगार जास्तीत जास्त 9 लाख 25 हजार डॉलर होता, बोनस वेगळा. तो करार संपला की खेळाडू ‘मर्यादित मुक्त’ होतो, म्हणजे त्याचे हक्क संघाकडेच राहतात. या टप्प्यावर अठरा-एकोणीसाव्या वर्षी आलेल्या खेळाडूला लवादाकडेही जाता येत नाही. हातात दोनच हत्यारं उरतात: सही न करता घरी बसणं, किंवा दुसऱ्या संघाकडून ऑफर शीट मिळवणं. ऑफर शीट आली की मूळ संघ एकतर तेवढेच पैसे देऊन खेळाडू राखतो, नाहीतर ड्राफ्टमधल्या निवडी भरपाई म्हणून घेऊन त्याला सोडतो. घरी बसण्यालाही मुदत आहे. 1 डिसेंबरपर्यंत सही झाली नाही तर त्या हंगामात खेळताच येत नाही.

सात हंगाम पूर्ण झाले किंवा वय 27 झालं की खेळाडू पूर्ण मुक्त. म्हणजे पहिल्या तीन वर्षांनंतर साधारण चार वर्षं संघाच्या हक्काची असतात. ही चार वर्षं स्वस्तात मिळायला हवीत, कारण खेळाडूला जायला जागा नसते. त्यापुढचं प्रत्येक वर्ष म्हणजे खेळाडूने आपलं स्वातंत्र्य विकलेलं वर्ष. ते महाग असणारच. एखादा करार वाचताना आधी या दोन प्रकारची वर्षं वेगळी काढावीत. हे न करता नुसत्या वार्षिक सरासरीची तुलना केली की फसगत होते.

टोरंटोचे तीन करार

विल्यम नायलँडर 2014 मध्ये आठव्या, मिच मार्नर 2015 मध्ये चौथ्या आणि मॅथ्यूज 2016 मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. लागोपाठच्या तीन ड्राफ्टमध्ये इतकं घबाड क्वचितच कुणाला लागतं. पण याचा अर्थ तिघांचे दुसरे करारही वर्षभराच्या आत करावे लागणार होते आणि एकाचा आकडा दुसऱ्याची पायरी ठरणार होता. त्यातच 1 जुलै 2018 रोजी संघाने बाहेरून जॉन टॅव्हारेसला सात वर्षांसाठी वर्षाला 1.1 कोटी डॉलरवर आणलं. पूर्ण मुक्त खेळाडूचा बाजारभाव घरातल्या पोरांसमोर टांगला गेला.

नायलँडर घरी बसला. 1 डिसेंबर 2018 रोजी मुदत संपायला काही मिनिटं असताना सहा वर्षांची सही झाली. हंगामाचे जवळपास दोन महिने उलटल्यावर करार झाल्यामुळे त्या वर्षीचा कॅपवरचा भार फुगून सुमारे 1.02 कोटी झाला आणि पुढची पाच वर्षं तो 69.6 लाखांवर उतरला. मॅथ्यूज आणि मार्नर तेव्हा अजून पहिल्याच करारावर असल्यामुळे त्या वर्षी कॅपमध्ये जागा मोकळी होती, ती वापरून पुढचं ओझं हलकं करून घेतलं. हिशेब हुशारीचा होता. किंमत मैदानात मोजावी लागली: सराव शिबिर आणि हंगामाची सुरुवात बुडालेल्या नायलँडरने त्या वर्षी 54 सामन्यांत फक्त सात गोल केले. पुढे हाच करार तिघांमधला सर्वांत किफायतशीर निघाला.

5 फेब्रुवारी 2019 रोजी मॅथ्यूजची पाच वर्षांची सही झाली, वर्षाला सुमारे 1.164 कोटी. पुढच्या हंगामाच्या 8.15 कोटींच्या कॅपमध्ये हा वाटा 14.3 टक्के होतो. आता वर्षं वेगळी काढू. पाचपैकी चार संघाच्या हक्काची होती आणि स्वातंत्र्याचं फक्त एक. इतका मोठा वाटा देऊन टोरंटोने एकच महागडं वर्ष घेतलं. मॅथ्यूज या भावाला पात्र होता यात वाद नाही. 2021-22 मध्ये त्याने 60 गोल करून लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून हार्ट करंडक जिंकला, 2023-24 मध्ये 69 गोल केले. पण उत्तम खेळाडूला पूर्ण भाव द्यायचा आणि वर्षंही सोडायची, हे दोन्ही एकदम करायची गरज नव्हती.

मार्नरचा करार जास्त खुपतो, कारण त्याच्याशी ताडून पाहायला दोन ताजी उदाहरणं आहेत. 2018-19 मध्ये मार्नरचे 94 गुण (स्वतःचे गोल आणि सहकाऱ्यांच्या गोलांना केलेली मदत मिळून) झाले, फ्लोरिडातल्या टँपा बेच्या ब्रेडन पॉइंटचे 92, कोलोरॅडोच्या मिक्को रँटानेनचे 74 सामन्यांत 87. तिघेही एकाच उन्हाळ्यात मर्यादित मुक्त झाले. मार्नरने 13 सप्टेंबरला सहा वर्षांची सही केली, वर्षाला सुमारे 1.09 कोटी. त्यानंतर दोन-सव्वादोन आठवड्यांत पॉइंटने तीन वर्षांसाठी 67.5 लाखांवर आणि रँटानेनने सहा वर्षांसाठी 92.5 लाखांवर सही केली. फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही, ओंटारियोत वरच्या पट्टीत निम्म्याहून जास्त पगार करात जातो, हा फरक पॉइंटच्या बाबतीत धरायला हवा. रँटानेनच्या बाबतीत एवढी मोठी तफावत कराने भरून निघत नाही. टोरंटो आधी हलला आणि बाजाराचा भाव त्यानेच वर नेऊन ठेवला. ऑफर शीटची भीती होती हे खरं. त्याच जुलैत माँट्रियालने कॅरोलायनाच्या सेबास्टियन आहोला पाच वर्षांची, वर्षाला सुमारे 84.5 लाखांची शीट दिली होती. पण कॅरोलायनाने ती सरळ जुळवली आणि आहोला टिकवून ठेवलं.

पैसे देण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. मॅथ्यूज आणि मार्नर दोघांच्या करारात 90 टक्क्यांहून जास्त रक्कम सहीच्या बोनसच्या रूपात होती, दर 1 जुलैला एकरकमी. खेळाडूला पैसे आधी मिळतात आणि टाळेबंदी झाली तरी बोनस बुडत नाही. संघाची मात्र एक सुटकेची वाट बंद होते. करार मोडीत काढताना म्हणजे बायआउट करताना फक्त मूळ पगारात कपात होते, बोनसला हात लागत नाही. त्यामुळे असा करार मोडून कॅपमध्ये जवळजवळ काहीच सुटत नाही. रोख पैसा मुबलक असलेला टोरंटोच हे करू शकत होता, आणि त्याने ही सवलत देताना बदल्यात जास्तीची वर्षं मागायला हवी होती.

गोठलेला कॅप

2019-20 मध्ये हे तिघे आणि टॅव्हारेस अशा चौघांचा मिळून भार सुमारे 4.05 कोटी झाला, कॅपच्या 49.7 टक्के. 23 जणांच्या ताफ्यातल्या उरलेल्या 19 जणांसाठी सरासरी साडेएकवीस लाख. मग महामारी आली. 8.15 कोटींचा कॅप तीन हंगाम जागचा हलला नाही, त्यानंतरची दोन वर्षं फक्त दहा-दहा लाखांनी वाढला. समजा दरवर्षी साडेचार टक्के वाढ मिळाली असती, तर 2023-24 मध्ये कॅप 9.7 कोटींच्या आसपास असता आणि मॅथ्यूजचा वाटा 12 टक्क्यांवर आला असता. प्रत्यक्षात कॅप 8.35 कोटी होता आणि वाटा 13.9 टक्के.

महामारी कुणाच्या हातात नव्हती. पण पाच वर्षांच्या करारात कॅप गोठला की सगळा तोटा संघाचा, आणि कॅप वाढायला लागेपर्यंत करार संपलेला. टोरंटोच्या वाट्याला नेमकं हेच आलं.

दुसऱ्या फळीची झीज मात्र महामारीआधीच सुरू झाली होती. जून 2019 मध्ये पॅट्रिक मार्लोचा 62.5 लाखांचा करार कॅरोलायनाने घ्यावा म्हणून टोरंटोने पहिल्या फेरीतली निवड देऊन टाकली. त्या निवडीवर कॅरोलायनाने 2020 मध्ये तेराव्या क्रमांकावर सेथ जार्विसला घेतलं. नवी तरुण गुणवत्ता अशी जुन्या करारांच्या पायी दुसऱ्याच्या दारात गेली. दोन वर्षांनी आघाडीपटू झॅक हायमन 55 लाखांवर एडमंटनला गेला आणि 2023-24 मध्ये त्याने तिथे 54 गोल केले. प्लेऑफमध्ये 2004 नंतर पहिली फेरी जिंकायला टोरंटोला 2023 उजाडावं लागलं.

ओटावाची उलटी चाल

2017 मध्ये ओटावा अंतिम फेरीपासून एका गोलावर होता. पिट्सबर्गविरुद्धचा सातवा सामना दुसऱ्या जादा वेळेत गेला. त्यानंतर संघ मोडायला घेतला. सप्टेंबर 2018 मध्ये कर्णधार एरिक कार्लसन सॅन होजेला गेला आणि बदल्यात जॉश नॉरिस आला, शिवाय जी निवड आली तिच्यावर 2020 मध्ये तिसऱ्या क्रमांकावर टिम श्टुट्झले घेतला. त्याच ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावर बचावपटू जेक सँडरसन. ब्रेडी कचक 2018 मध्येच चौथ्या क्रमांकावर आलेला होता.

करारांची रांग अशी लागली. सप्टेंबर 2019 मध्ये बचावपटू टॉमस शाबो, आठ वर्षं, 80 लाख. ऑक्टोबर 2021 मध्ये हंगामाच्या तोंडावर कचक, सात वर्षांचे एकूण 5.75 कोटी, म्हणजे वर्षाला 82.1 लाख. सप्टेंबर 2022 मध्ये श्टुट्झले, आठ वर्षं, 83.5 लाख. सप्टेंबर 2023 मध्ये सँडरसन, आठ वर्षं, 80.5 लाख. आकडे पाहा, सगळे 80 ते 84 लाखांच्या पट्ट्यात. संघात एक अलिखित छत तयार झालं आणि नव्या खेळाडूच्या एजंटला ते फोडणं अवघड गेलं. टॅव्हारेसच्या सहीने टोरंटोत जे झालं त्याच्या नेमकं उलट.

श्टुट्झलेच्या कराराची वेळ बारकाईने पाहावी. पहिल्या कराराचं शेवटचं वर्ष सुरू होणाऱ्या 1 जुलैपासून संघाला मुदतवाढ देता येते. ओटावाने तो हंगाम सुरू व्हायच्या आधीच सही घेतली. तेव्हा त्याची सर्वोत्तम कामगिरी 58 गुणांची होती. सहीनंतरच्याच हंगामात त्याने 39 गोल आणि 90 गुण केले. एक वर्ष थांबले असते तर त्याच करारासाठी वर्षाला निदान कोटीभर डॉलर मागितले गेले असते असं आमचं मत आहे. करारातली आठ वर्षं मोजली तर चार संघाच्या हक्काची आणि चार स्वातंत्र्याची. करार लागू झाला तेव्हा वाटा बरोबर 10 टक्के होता, 2025-26च्या 9.55 कोटींच्या कॅपमध्ये तो 8.7 टक्के होतो. 2026-27 साठी 10.4 कोटी आणि 2027-28 साठी 11.35 कोटींचा कॅप जानेवारी 2025 मध्ये जाहीर झाला. त्या हिशेबाने वाटा आधी 8 आणि मग 7.4 टक्क्यांवर येतो. खेळाडू पंचविशीत, ऐन भरात, आणि त्याचा भार दरवर्षी हलका. लांब कराराचा खरा नफा हा आहे.

सँडरसनच्या बाबतीत ओटावा आणखी पुढे गेला. फक्त एक हंगाम, 77 सामने आणि 32 गुण पाहून आठ वर्षं दिली. बचावपटूच्या बाबतीत गुणांपेक्षा तो किती मिनिटं खेळतो, कुणाविरुद्ध खेळतो आणि पक (खेळातली चकती) स्वतःच्या झोनमधून स्वच्छ बाहेर काढतो का, हे पाहायचं असतं. त्या कसोट्यांवर तो पहिल्याच वर्षी उतरला होता.

जिथे डाव फसला

लांब करार म्हणजे अंदाजावर दिलेले पैसे, आणि काही अंदाज चुकणारच. कॉलिन व्हाइटला 2019 मध्ये सहा वर्षांसाठी वर्षाला 47.5 लाख दिले होते. तीन वर्षांत संघाने करार मोडला. वय 26च्या आत असेल तर बायआउटमध्ये उरलेल्या पगाराचा एक तृतीयांशच द्यावा लागतो, त्यानंतर दोन तृतीयांश. रक्कम उरलेल्या वर्षांच्या दुपटीवर पसरते. व्हाइट 25 वर्षांचा होता, म्हणून हिसका सौम्य बसला. तरी करारातल्या उरलेल्या तीन वर्षांची सावली 2027-28 पर्यंत ओटावाच्या कॅपवर राहते. तरुण खेळाडूचा करार मोडायचाच असेल तर सव्विसाव्या वाढदिवसाआधीचा उन्हाळा गाठायला हवा, हे व्यवस्थापकाच्या वहीत पहिल्या पानावर असावं.

नॉरिसचं प्रकरण जास्त शिकवणारं आहे. 2021-22 मध्ये त्याने 66 सामन्यांत 35 गोल केले आणि जुलै 2022 मध्ये आठ वर्षांचा, 79.5 लाखांचा करार मिळवला. दोन धोक्याच्या खुणा सहीच्या वेळी समोर होत्या. त्याच्या फटक्यांपैकी जवळपास 20 टक्के गोलात गेले होते. चांगले आघाडीपटू वर्षानुवर्षं 12 ते 15 टक्क्यांत राहतात, वीस टिकवणारे विरळा. 15 टक्के धरले असते तर तेवढ्याच फटक्यांत गोल सव्वीसच्या आसपास आले असते. दुसरी खूण खांद्याची: त्याच हंगामात त्याला दुखापत होऊन सामने बुडाले होते. पुढच्या वर्षी तो फक्त आठ सामने खेळला, त्यानंतर 50, आणि मार्च 2024 मध्ये खांद्यावर तिसरी शस्त्रक्रिया झाली. श्टुट्झलेचा अंदाज पाय, वेग आणि वय पाहून बांधला होता, नॉरिसचा एका हंगामाच्या गोलसंख्येवर. दोन्ही करारांवर सारखीच आठ वर्षं दिसतात, पण जोखीम सारखी नव्हती.

7 मार्च 2025 रोजी ओटावाने नॉरिसला बफेलोला देऊन डिलन कझन्स घेतला. कझन्सचाही सात वर्षांचा, 71 लाखांचा करार त्याच्या सर्वोत्तम हंगामात झाला होता आणि तोही भाव खाली आलेला खेळाडू होता. कॅप वाढणार हे नुकतंच जाहीर झाल्यामुळे असे करार खपू लागले होते. सहा महिने आधी हा व्यवहार कठीण गेला असता.

आणखी एक दुखणं शेवटी सही करणाऱ्याच्या वाट्याला येतं. 2023 च्या शरद ऋतूत मोठे करार आणि व्हाइटची उरलेली रक्कम धरल्यावर ओटावाचा तरुण आघाडीपटू शेन पिंटो याच्यासाठी कॅपमध्ये जागाच उरली नाही आणि हंगाम सुरू झाला तरी त्याचा करार रखडला. चार-पाच जणांना लांब करार देताना दोन वर्षांनी येणाऱ्या सहाव्याची जागा आधी राखून ठेवावी लागते.

शेजारी ठेवून पाहिलं तर

निव्वळ गुणवत्तेत टोरंटोची फळी सरस होती. एका हंगामात 69 गोल करणारा खेळाडू ओटावाकडे कधीच नव्हता. एप्रिल 2025 मध्ये दोघे प्लेऑफमध्ये भिडले तेव्हा मालिका टोरंटोनेच 4-2 अशी जिंकली. तरीही करारांच्या बाबतीत ओटावाचं धोरण जास्त पक्कं होतं, नॉरिस आणि व्हाइट धरूनही. त्यांच्या चुका बाजारात खपल्या किंवा मोडीत निघाल्या. टोरंटोची चूक वेगळ्या जातीची होती. खेळाडू भरात असतानाच करार संपत गेले आणि दरवेळी वाटाघाटी खेळाडूच्या अटींवर झाल्या.

मार्नरचा शेवट त्याचंच उदाहरण. बदली-नकाराचं कलम फक्त स्वातंत्र्याच्या वर्षांना लावता येतं. त्याचं जुलै 2023 मध्ये जागं झालं आणि त्यानंतर त्याच्या संमतीशिवाय त्याला हलवणं अशक्य झालं. 2024-25 मध्ये 102 गुण करून तो मोकळा होणार होता. वेगासचा संघ स्वतः त्याला सातच वर्षं देऊ शकत होता, म्हणून टोरंटोनेच त्याच्याशी आठ वर्षांचा, वर्षाला 1.2 कोटींचा करार करून त्याला वेगासला पाठवलं. 94 आणि 102 गुणांचे हंगाम देणाऱ्या खेळाडूच्या बदल्यात हाती आला निकोला रुआ. आठ वर्षांचा करार 2019 मध्येच झाला असता तर हाच मार्नर 2027 पर्यंत टोरंटोच्या हातात असता.

संघाने यातून धडा घेतलेला दिसतो. जून 2025 मध्ये मॅथ्यू नाइजला सहा वर्षांसाठी 77.5 लाख दिले, कॅपच्या 8.1 टक्के. हा भाव ओटावाच्या पट्ट्यातला आहे.

2028 चा उन्हाळा

मॅथ्यूजचा तिसरा करार पुन्हा लहान, चार वर्षांचा, वर्षाला 1.325 कोटी. तो 2027-28 नंतर संपतो. कचकचा आणि शाबोचा करारही त्याच दिवशी संपतो. दोन्ही संघांचे कर्णधार एकाच उन्हाळ्यात मोकळे होतील. तेव्हा मॅथ्यूज तिशी ओलांडलेला असेल, कचक 28 वर्षांचा. (दोघांचा जन्म 15 सप्टेंबरच्या सीमारेषेनंतर एक-दोन दिवसांनी झाल्यामुळे दोघेही ड्राफ्टमध्ये एक वर्ष उशिरा आले.)

दोघांनाही मुदतवाढ देता येते ती 1 जुलै 2027 पासून. सप्टेंबर 2026 पासून लागू होणाऱ्या नव्या सामूहिक करारात स्वतःच्या खेळाडूला जास्तीत जास्त सात वर्षं आणि बाहेरच्याला सहा देता येतात, म्हणजे घरच्या संघाकडे एका वर्षाचाच जास्तीचा पत्ता राहतो. 11.35 कोटींच्या कॅपमध्ये 12 टक्के म्हणजे 1.36 कोटी. कचकला हा भाव द्यायचा तर ओटावाचं 84 लाखांचं छत फुटतं, पण 2030-31 पर्यंत बांधलेला श्टुट्झले आणि 2031-32 पर्यंतचा सँडरसन त्या धक्क्यातून सुरक्षित राहतात. शिवाय शाबोचे 80 लाख त्याच वेळी मोकळे होतात आणि व्हाइटची रक्कमही संपते. टोरंटोच्या पुढचा प्रश्न जास्त अवघड आहे. मॅथ्यूजच्या करारात पूर्ण बदली-नकार आहे, आणि तिशीतल्या गोलवीराला सात वर्षं देणं म्हणजे 37 व्या वर्षापर्यंतचा पगार आज ठरवणं. त्याला दोनदा लहान करार दिल्यामुळे ऐन भरातली वर्षं पूर्ण भावात गेली आणि उतरणीची वर्षंही आता भावातच मागितली जातील. संघाने निदान 2027 च्या 1 जुलैला त्याची बाजू काय आहे ते स्पष्ट विचारून घ्यावं, आणि उत्तर मिळालं नाही तर हंगाम सुरू व्हायच्या आत त्याच्याच संमतीने बदलीची यादी करायला बसावं.